मुलांच्या विज्ञानकथांमधलं सुख, क्रौर्य आणि एकटेपण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तेरा-चौदा वर्षांच्या मुलांबरोबर विज्ञानकथा वाचायला बसलं की काही प्रश्न ठरलेले असतात. काही मुलांचे, काही त्यांच्या आईवडिलांचे, थोडे शिक्षकांचे. इतकी वर्षं तोंडी उत्तरं देत आले, आता एका जागी लिहून ठेवते आहे. इथे कथांचे शेवट उघड केलेले आहेत. एखाद्या कथेचा शेवट आधी कळायला नको असेल तर ती कथा वाचून मग इकडे या.

मुलांवरच्या विज्ञानकथांमध्ये इतकं क्रौर्य का असतं?

विज्ञानकथेला एक सोय आहे, ती साध्या कथेला नसते. साध्या कथेत एखादा मुलगा वर्गात एकटा पडला की आपण लगेच कारणं शोधायला लागतो: घरची परिस्थिती, स्वभाव, भाषा, रंग. आणि कारण सापडलं की आपली बाजूही ठरून जाते. विज्ञानकथा ही ओळखीची कारणं उचलून बाजूला ठेवते आणि एक नवंच कारण घडवते. मुलीने सूर्य पाहिलेला आहे, बाकीच्यांनी नाही. मुलीच्या पायाला सहा बोटं आहेत आणि त्या गावात ते पाप आहे. मुलगा परीक्षेत फार हुशार निघाला आणि त्या राज्यात हुशारी हाच गुन्हा आहे. कारण इतकं परकं असतं की वाचणाऱ्याचा त्यात काही पूर्वग्रह नसतो. वागणूक मात्र इतकी ओळखीची निघते की अंगावर काटा येतो.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. या कथांमधलं क्रौर्य बहुतेक वेळा सुखाच्या रखवालीला बसवलेलं असतं. कुणाचं तरी सुख जपायचं असतं, म्हणून दुसऱ्या कुणाला तरी दाराआड ठेवलं जातं. दार कधी खरंखुरं लाकडाचं असतं, कधी नुसता एक नियम असतो. खालच्या बऱ्याच उत्तरांत मी त्या दारापाशीच परत येते.

सुरुवात कोणत्या कथेपासून करावी?

रे ब्रॅडबरी यांच्या 'ऑल समर इन अ डे' पासून. 1954 सालची, जेमतेम काही पानांची कथा. वाचायला पंधरा मिनिटं लागतात, नंतर ती बराच काळ डोक्यातून जात नाही.

शुक्रावर माणसांनी वस्ती केली आहे. तिथे अखंड पाऊस कोसळतो आणि सूर्य सात वर्षांतून एकदा, फक्त दोन तास दिसतो. वर्गातली मुलं नऊ वर्षांची आहेत. मागच्या वेळी ऊन पडलं तेव्हा ती दोन वर्षांची होती, त्यामुळे कुणालाच नीट आठवत नाही. मार्गो ही एकच मुलगी चार वर्षांची होईपर्यंत पृथ्वीवर राहिलेली. तिला सूर्य आठवतो. ती त्याच्यावर कविता लिहिते. पाऊस तिला इतका सोसवत नाही की शाळेत एकदा तिने अंघोळ करायलाच नकार दिला होता. पाणी डोक्याला लागू देऊ नका म्हणून ती किंचाळली होती.

ज्या दिवशी सूर्य निघणार त्या दिवशी, बाई वर्गाबाहेर असताना, मुलं मार्गोला ओढत नेऊन एका कपाटवजा खोलीत कोंडतात. बाई परत येतात आणि विचारतात, सगळे आहात ना? मुलं म्हणतात, हो. दार उघडतं, ऊन पडतं, दोन तास मुलं वेड्यासारखी खेळतात. मग एका मुलीच्या तळहातावर पावसाचा एक थेंब पडतो आणि ती रडायला लागते. सगळे आत येतात, बाहेर पुन्हा धो धो सुरू होतं, आणि तेव्हा कुणाला तरी मार्गोची आठवण होते.

ती मुलं इतकी दुष्ट का वागतात? ती वाईटच आहेत का?

हा प्रश्न मुलं स्वतः विचारतात, आणि फार मनापासून विचारतात. पहिलं उत्तर सगळ्यांना सुचतं: हेवा. मार्गोकडे आहे ते त्यांच्याकडे नाही. पुढच्या वर्षी तिचे आईवडील तिला पृथ्वीवर परत नेणार अशी कुजबुजही वर्गात आहे. म्हणजे तिला ऊन आधीही मिळालेलं आणि पुढेही मिळणार. एवढं कारण नऊ वर्षांच्या मुलांना पुरतं.

पण कथा सावकाश वाचली तर आणखी एक गोष्ट दिसते. ब्रॅडबरी सुरुवातीलाच सांगतात की या मुलांना रात्री कधीकधी झोपेत काहीतरी आठवतं. सोनेरी, ऊबदार असं काहीतरी. जागं झालं की छपरावरच्या पावसाच्या आवाजात ते विरून जातं. म्हणजे सूर्य त्यांच्याही आत कुठेतरी आहे, फक्त हाताला लागत नाही. अशा मुलांसमोर मार्गो उभी राहते आणि तीच गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगते. माझ्या मते तिच्यावरचा राग इथून येतो. ती खोटं बोलत असती तर त्यांनी तिला हसून सोडून दिलं असतं.

आणि पाहा, कोंडण्याआधी ते तिला काय म्हणतात. आज सूर्यबिर्य काही निघणार नाही, ती सगळी गंमत होती. हे म्हणताना त्यांना स्वतःलाही ते क्षणभर पटतं. जी गोष्ट मिळण्याची फार आशा असते तिच्याबद्दल मुलं असंच बोलतात, म्हणजे मिळाली नाही तर फजिती नको. मोठी माणसंही तसंच बोलतात.

एक बारकावा मी नेहमी दाखवते. हे कृत्य वर्गातल्या एकट्या विल्यमचं नाही. तो सुरुवात करतो, पण ढकलायला सगळे असतात आणि 'हो' म्हणायलाही सगळे असतात. आपल्याकडे 'वाळीत टाकणं' हा शब्द आहे. वाळीत टाकायला सगळं गाव लागतं, एकट्या माणसाचं ते कामच नाही.

पण शुक्रावर असा पाऊस पडतच नाही. मग ही कथा चुकीची ठरत नाही का?

विज्ञान म्हणून चुकीची ठरते, आणि मुलांना ते सांगायलाच हवं. 1954 साली शुक्राच्या दाट ढगांखाली काय आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे लेखकांना तिथे दलदल आणि जंगलं कल्पिता येत होती. डिसेंबर 1962 मध्ये मरिनर 2 हे यान शुक्राजवळून गेलं आणि तो ग्रह भयंकर तापलेला आहे हे स्पष्ट झालं. 1970 मध्ये व्हेनेरा 7 हे यान थेट जमिनीवर उतरलं. तिथे तापमान साधारण 465 अंश सेल्सियस असतं, शिसं वितळेल इतकं. हवेचा दाब पृथ्वीच्या नव्वदपटीच्या आसपास. ढग सल्फ्युरिक आम्लाचे, आणि त्यांतून पडणारे थेंब जमिनीला टेकायच्या आतच आटून जातात.

तरी कथेला धक्का लागत नाही, कारण कथेला शुक्र हवा होता तो फक्त वेळापत्रकासाठी. सात वर्षांतून दोन तास. कोंडून ठेवण्याची शिक्षा किती मोठी हे त्या वेळापत्रकावरून ठरतं. इथल्या एखाद्या शाळेत मुलीला दोन तास कोंडलं असतं तर लोक म्हणाले असते, मुलं आहेत, चालायचंच. ब्रॅडबरींनी तेच दोन तास सात वर्षांच्या किमतीचे करून ठेवले. नंतर 'चालायचंच' म्हणायला कुणाची जीभ रेटत नाही.

ओमेलासची कथा विज्ञानकथा आहे का? तिच्यात तर यंत्रं नाहीत, अंतराळ नाही.

अर्सुला के. ले ग्विन यांची 'द वन्स हू वॉक अवे फ्रॉम ओमेलास' ही 1973 ची कथा विज्ञानकथांच्या संग्रहात आली आणि विज्ञानकथांसाठीचा 1974 चा ह्यूगो पुरस्कार तिला मिळाला. एवढ्यावर मी ती विज्ञानकथा मानते. एक अट घालायची आणि तिचे परिणाम शेवटपर्यंत तपासायचे, ही विज्ञानकथेचीच रीत आहे. नावाचा उगम मुलांना आवडतो म्हणून सांगते: गाडीच्या आरशात 'सेलम, ओरेगन' ही पाटी उलटी वाचताना ले ग्विन यांना ते नाव सापडलं.

त्या कथेतल्या मुलाला कुणी बाहेर का काढत नाही?

आधी अट सांगते. ओमेलास हे सुखी शहर आहे. खोटं सुख नाही, दिखाऊ नाही. संगीत आहे, उत्सव आहे, शहाणी माणसं आहेत, पीकपाणी चांगलं आहे. हे सगळं एका मुलावर उभं आहे. एका तळघरात, खिडकी नसलेल्या, कुलूप लावलेल्या खोलीत ते मूल बसलेलं असतं. दहा वर्षांचं असावं, दिसतं सहाचं. कोपऱ्यातल्या घाण झाडूपोतेऱ्यांची त्याला भीती वाटते. ते मूल बाहेर आलं, त्याला कुणी पुसलं, जेवू घातलं, तर त्याच क्षणी शहराचं सुख संपेल. साधा मायेचा शब्दसुद्धा बोलायचा नाही. आणि हे शहरातल्या सगळ्यांना माहीत आहे. आठ ते बारा वर्षांच्या मुलांना ते समजावून सांगितलं जातं, पुष्कळजण स्वतः जाऊन पाहूनही येतात.

सुख जवाएवढं आणि दुःख पर्वताएवढं, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ओमेलासमध्ये हिशेब उलटा आहे. सुख पर्वताएवढं आणि दुःख जवाएवढं, एका मुलापुरतं. तरीही तराजू सरळ राहत नाही, तो का राहत नाही याचीच ही कथा आहे. हा प्रश्न ले ग्विन यांच्या आधीपासूनचा आहे. तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनी 1891 च्या एका निबंधात तो मांडला होता, आणि त्याच्याही आधी, 1880 मध्ये दोस्तोयेव्हस्की यांच्या 'द ब्रदर्स कारामाझोव्ह' या कादंबरीत एक भाऊ दुसऱ्याला तो विचारतो.

आता तुमचा प्रश्न. बाहेर का काढत नाहीत? ज्या तरुणांनी ते मूल पाहिलं ते रडत, संतापत घरी जातात. आठवडे, कधी वर्षं त्यावर विचार करतात. मग हळूहळू स्वतःची समजूत घालतात: आता बाहेर काढूनही काय उपयोग, इतका काळ अंधारात राहिलंय, त्याला मोकळेपणाचं सुख कळणारसुद्धा नाही. सगळ्या कथेतलं सर्वांत क्रूर वाक्य मला हे वाटतं, कारण ते सभ्य आहे, आणि ते मी कथेच्या बाहेर इतक्या वेळा ऐकलंय. 'त्याला सवय झालीय.' 'तिला एकटंच आवडतं.'

पण ले ग्विन यांनी एक ओळ आधीच लिहून ठेवली आहे. ते मूल कायम त्या खोलीत नव्हतं. त्याला ऊन आठवतं, आईचा आवाज आठवतो. मी नीट वागेन, मला बाहेर काढा, असं ते म्हणत असतं. ज्याला ऊन आठवतं त्याला मोकळेपणाचं सुख कळणार नाही, ही समजूत कुठून आली?

मार्गो आणि हे मूल यांच्यामध्ये एकोणीस वर्षांचं अंतर आहे. दोघं कोंडलेली, दोघांना ऊन आठवतं, आणि दोघांच्याही दाराबाहेर माणसं उत्सव करताहेत. हे साम्य मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पुस्तक मिटून बसले होते.

शहर सोडून जाणारे बरोबर की चूक?

काही माणसं ते मूल पाहून आल्यावर घरी जात नाहीत. एकेकटी, शहराच्या वेशीतून बाहेर पडतात आणि परत येत नाहीत. लहान असताना मला ती माणसं थोर वाटायची. आता त्यांच्याबद्दल आदर आहे, पण एक खटकतं: ती गेल्यानंतरही मूल तिथेच असतं. वर्गात हा प्रश्न टाकला की तास संपतो, वाद संपत नाही. एकदा एक मुलगा म्हणाला होता, मी जाणार नाही, मी रोज दाराशी जाऊन बसेन, बोलायची बंदी आहे, बसायची नाही. हे उत्तर मी अजून कुठे छापलेलं वाचलं नाही.

सगळे सुखी असतील तर कथा भयंकर कशी होते?

सुखाची सक्ती झाली की होते. जेरोम बिक्स्बी यांची 1953 ची 'इट्स अ गुड लाइफ' वाचा, पण रात्री नको. अँथनी नावाचं तीन वर्षांचं मूल आहे. त्याला सगळ्यांच्या मनातलं ऐकू येतं आणि तो जे इच्छील ते घडतं. त्याने आपलं गाव उरलेल्या जगापासून तोडून टाकलं आहे, किंवा उरलेलं जगच नाहीसं केलं आहे. गावकऱ्यांना तेही कळत नाही. म्हणून सगळे सतत म्हणत राहतात, छान आहे, फार छान आहे. काही भयानक घडलं तरी छान. मनातसुद्धा वाईट विचार यायला नको म्हणून ते आतल्या आत काहीबाही पुटपुटत राहतात.

बहुतेक वाचक गावकऱ्यांसाठी हळहळतात, आणि ते बरोबरच आहे. माझा जीव अँथनीसाठी तुटतो. तीन वर्षांच्या मुलाला कुणीतरी 'नाही' म्हणावं लागतं, जवळ घेऊन हे चुकलं असं सांगावं लागतं. त्याला कुणीच सांगत नाही. त्याची आईसुद्धा त्याला घाबरते. त्या गावात सर्वांत एकटं कोण असेल तर ते मूल, आणि भोवती सगळे हसताहेत.

मोठ्या पातळीवर हीच सक्ती ऑल्डस हक्सली यांच्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' (1932) मध्ये आहे. आठ महिन्यांच्या बाळांसमोर पुस्तकं आणि गुलाबाची फुलं ठेवतात. बाळं हरखून रांगत जवळ येतात, हात लावतात, आणि मग कर्कश भोंगा वाजतो, फरशीतून विजेचा झटका बसतो. पुढे आयुष्यभर ती पुस्तकांना आणि फुलांना घाबरतील, म्हणून आपल्या कामात समाधानी राहतील. काम करणाऱ्या परिचारिका आणि संचालक यांच्यात कुणी दुष्ट नाही. सगळे त्या बाळांच्या भावी सुखाची काळजी घेताहेत.

'द गिव्हर' किशोरवयीनांना द्यावी का?

जरूर द्यावी, बारा-तेराव्या वर्षी. लोइस लाउरी यांची 1993 ची कादंबरी, पुढच्या वर्षी तिला बालसाहित्यासाठीचं न्यूबेरी पदक मिळालं. जोनस बारा वर्षांचा होतो तेव्हा त्याला सगळ्या समाजाच्या आठवणी सांभाळायचं काम मिळतं. त्या समाजात दुःख नाही, भूक नाही, रंगही नाहीत. म्हातारा गिव्हर त्याला आठवणी देऊ लागतो: आधी बर्फ आणि घसरगाडी, मग ऊन. हो, इथेही ऊन. आणि लगेच उन्हाने भाजलेल्या कातडीची आठवण.

इथे दार कसं आहे ते पाहा. जोनसला कुणी कोंडत नाही. तो घरी येतो, जेवतो, मित्रांबरोबर खेळतो. पण त्याला जे कळलंय ते कुणालाही सांगायची परवानगी नाही. सगळ्यांमध्ये असून एकटं असणं म्हणजे काय, हे या वयाच्या मुलांना समजावून सांगावं लागत नाही.

एक सूचना आईवडिलांसाठी. जोनसचे प्रेमळ वडील एका नवजात बाळाला 'निरोप' देतात, म्हणजे प्रत्यक्षात मारतात, तो प्रसंग मुलाने एकट्याने वाचू नये. शेजारी बसा, काही बोलू नका, फक्त बसा.

या कथांमध्ये मोठी माणसं असतात तरी कुठे?

बहुतेक वेळा शेजारच्या खोलीत. मार्गोच्या बाईंना मी दुष्ट म्हणणार नाही. त्यांनी विचारलं होतं, सगळे आहात ना. फक्त डोकी मोजली नाहीत.

काही कथांत मात्र एकटेपण ही मोठ्यांची योजना असते. ऑर्सन स्कॉट कार्ड यांच्या 'एंडर्स गेम' (1985) मध्ये सहा वर्षांच्या एंडरला युद्धशाळेत नेताना अधिकारी ग्राफ यानातच सगळ्यांसमोर त्याची स्तुती करतो. बाकी सगळे बिनकामाचे, हाच एक हुशार. काही मिनिटांत एंडर सगळ्यांचा शत्रू होतो. ग्राफला तेच हवं असतं: मदतीला कुणी येणार नाही अशी मुलाची खात्री पटली की तो उत्तम सेनापती होईल. एकाची स्तुती करून त्याला बाकीच्यांपासून तोडता येतं, हे या कादंबरीइतकं स्पष्ट मला दुसरीकडे दिसलेलं नाही. पुढे ज्या लढाया तो सराव समजून खेळतो त्या खऱ्या असतात, आणि एक अख्खी प्रजाती त्याच्या हातून मारली गेलेली असते. क्रौर्य त्याच्याकडून करवून घेतलं, आणि ते पेलण्यासाठी मात्र त्याला एकटं सोडलं.

तिसरी जात सांगते. टॉम गॉडविन यांची 'द कोल्ड इक्वेशन्स', 1954 ची. अठरा वर्षांची मुलगी भावाला भेटायला म्हणून औषधं नेणाऱ्या छोट्या यानात लपते. इंधन अगदी मोजून भरलेलं आहे, तिचं जादा वजन घेऊन यान उतरूच शकत नाही. तिला बाहेर सोडावं लागतं. निसर्गाचे नियम निष्ठुर असतात त्याला कोण काय करणार, अशी ही कथा वाचली जाते. मला ते पटत नाही. निष्ठुरपणा गणिताच्या आधी झालेला आहे. ज्या यानात एका माणसाच्या वजनाने सगळे मरू शकतात त्याच्या दारावर फक्त 'प्रवेश बंद' अशी पाटी होती, कुलूप नव्हतं. ते यान आखणाऱ्यांनी आणि त्याचे नियम करणाऱ्यांनी मुलीला मारलं, आणि दोष भौतिकशास्त्रावर गेला. इतर कथांमध्ये बंद दार जीव घेतं, इथे उघडं.

दार उघडणारं कुणीच नसतं का?

असतं. आयझॅक असिमोव्ह यांची 'द अग्ली लिटल बॉय' ही 1958 ची कथा. एक संस्था भूतकाळातून एक निअँडरथल मूल उचलून आणते आणि एका बंदिस्त जागेत ठेवते. त्या जागेबाहेर त्याला नेता येत नाही. सांभाळायला नर्स ठेवतात, एडिथ फेलोज. पहिल्यांदा पाहते तेव्हा तिला त्याची किळस येते. मग ती त्याला टिमी हे नाव देते, बोलायला, वाचायला शिकवते. काही वर्षांनी संस्थेचं काम होतं आणि टिमीला परत पाठवायचं ठरतं, त्या थंड, अनोळखी काळात, जिथे आता तो तगणार नाही. दार उघडणं तिच्या हातात नसतं. म्हणून ती दाराच्या आत जाते आणि त्याच्याबरोबर निघून जाते. ओमेलास सोडून जाणाऱ्यांची आठवण आली की मी ही कथा काढून वाचते.

मुलांना एकटी सोडली तर ती खरंच अशीच क्रूर होतात का?

हा प्रश्न विल्यम गोल्डिंग यांच्या 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज' (1954) मुळे येतो. अणुयुद्धाच्या काळात बेटावर अडकलेली शाळकरी मुलं एकमेकांचे जीव घेतात. ती कादंबरी आहे, पुरावा नाही. खऱ्या आयुष्यातली एक गोष्ट तिच्याशेजारी ठेवायला हवी. 1965 च्या जूनमध्ये टोंगातले सहा शाळकरी मुलगे बोट घेऊन निघाले, वादळात सापडले आणि अटा नावाच्या निर्जन बेटावर पोचले. सप्टेंबर 1966 मध्ये एका ऑस्ट्रेलियन कप्तानाला ते सापडले तेव्हा सहाही जण धडधाकट होते. त्यांनी पेटवलेली आग विझू दिली नव्हती, भाजीपाला लावला होता, कामाच्या पाळ्या वाटून घेतल्या होत्या. एकाचा पाय मोडला होता तो बाकीच्यांनी नीट बसवला होता. भांडण झालं की दोघांनी बेटाच्या दोन टोकांना जाऊन शांत व्हायचं, अशी रीत पाडली होती.

यावरून मुलं जात्याच देवमाणसं असतात असं काही सिद्ध होत नाही. पण ती जात्याच राक्षस असतात असं सांगणाऱ्याला मी या सहा मुलांबद्दल जरूर सांगते.

'कट्टी' घेणं ही साधी गोष्ट आहे, तिला क्रौर्य म्हणणं जास्त होत नाही का?

नाही होत. मानसशास्त्रज्ञ किपलिंग विल्यम्स यांनी संगणकावर चेंडूफेकीचा एक साधा खेळ तयार केला. तीन खेळाडू, त्यातले दोन खरे नसतातच. सुरुवातीला तुमच्याकडे एकदोनदा चेंडू येतो, मग ते दोघं आपापसातच फेकत राहतात. काही मिनिटांचा खेळ, तरी माणसं खिन्न होतात, आपण कुणीच नाही असं त्यांना वाटू लागतं. समोर माणसं नसून संगणक आहे हे सांगितल्यावरही वाईट वाटतंच. 2003 मध्ये 'सायन्स' या संशोधनपत्रिकेत आलेल्या अभ्यासात असा चेंडू न मिळालेल्या लोकांच्या मेंदूची चित्रं घेतली, तेव्हा शारीरिक वेदनेच्या त्रासाशी जोडल्या जाणाऱ्या एका भागात हालचाल वाढलेली दिसली.

पडद्यावरच्या चेंडूचं जर असं होत असेल, तर डब्याच्या सुट्टीत बाकावर कुणीच शेजारी न बसण्याचं काय होत असेल, याचा अंदाज करा.

'नेव्हर लेट मी गो' मधली मुलं पळून का जात नाहीत?

काझुओ इशिगुरो यांच्या या 2005 च्या कादंबरीबद्दल हा एकच प्रश्न सगळे विचारतात, आणि थोडे चिडून विचारतात. हेलशॅम नावाच्या सुंदर निवासी शाळेतली मुलं पुढे अवयव देण्यासाठीच वाढवलेली आहेत. कुंपण नाही म्हणावं इतकं, पहारेकरी नाहीत, मोठेपणी गाडीही चालवतात. तरी कुणी पळत नाही. कारण त्यांना सत्य एकदम कधी सांगितलंच नाही. प्रत्येक वेळी कळण्याच्या वयाच्या थोडं आधी, थोडं थोडं सांगत गेले, आणि प्रत्यक्ष कळायची वेळ आली तेव्हा ते जुनं झालेलं होतं. त्या शाळेतलं बालपण सुखाचं आहे, हे मी ठामपणे म्हणेन. तेच सुख त्यांचं दार झालं.

अशा कथा वाचून मुलं उदास होत नाहीत का? कोणत्या वयात द्याव्यात?

होतात, थोडा वेळ. ज्या मुलाला वर्गात कुणी बोलवत नाही ते मात्र मार्गोची कथा वाचून हलकं झालेलं मी पाहिलं आहे, कारण आपल्यासारखं कुणीतरी छापून आलेलं असतं. ब्रॅडबरी दहाव्या-अकराव्या वर्षापासून चालेल. ओमेलास तेराच्या आसपास. हक्सली, इशिगुरो सोळानंतर.

आनंदाच्या विज्ञानकथाही सांगा की!

असिमोव्ह यांची 'द फन दे हॅड' (1951). 2157 साली अकरा वर्षांची मार्जी घरातच एका यंत्रापुढे बसून एकटी शिकते. टॉमीला माळ्यावर एक कागदी पुस्तक सापडतं, त्यात जुन्या काळच्या शाळेबद्दल लिहिलेलं असतं. सगळी मुलं एका जागी जमायची, हसायची, एकमेकांना गृहपाठात मदत करायची. मार्जी विचार करत राहते, किती मजा येत असेल त्यांना. ही कथा फेब्रुवारी 1954 मध्ये एका मासिकात पुन्हा छापली गेली, आणि त्याच मासिकाच्या पुढच्याच अंकात मार्गोची कथा आली. एकीला शाळा नाही म्हणून ती एकटी, दुसरी भरल्या शाळेत एकटी. दोन्ही लागोपाठ वाचून दाखवा, या क्रमाने.

मार्गोचं पुढे काय झालं?

कथेत नाही. मुलं हळूहळू चालत त्या दाराशी जातात. आतून आवाज येत नाही. ती आणखी हळू कडी काढतात आणि मार्गोला बाहेर येऊ देतात. इथे ब्रॅडबरी थांबतात. 1982 च्या टीव्हीवरच्या रूपांतरात मुलं उन्हात गोळा केलेली फुलं मार्गोला देतात. ते बघताना बरं वाटतं, पण मला छापलेला शेवट जास्त खरा वाटतो, कारण तिथे क्षमेचा निर्णय लेखकाने मार्गोच्या वतीने घेतलेला नाही.

मी मुलांना पुढचं लिहायला सांगते. कुणी मार्गोला पृथ्वीवर पाठवतं. कुणी विल्यमला सात वर्षांनी स्वतःहून त्या खोलीत जाऊन बसायला लावतं. एका मुलीने फक्त दोन ओळी लिहिल्या होत्या. मार्गो बाहेर आली, सगळ्यांच्या चेहऱ्यांवर ऊन लागल्याच्या लाल खुणा होत्या त्यांकडे बघत राहिली, आणि तिने विचारलं, "कसा होता?"